बोर्डापुढचं धोंडस

बोर्डाच्या दिवशी आमच्या खोलीबाहेर माणसांच्या आधी चपला हजर असत. अर्ज ऑनलाइन, तारीख ऑनलाइन, फोनवर मेसेजसुद्धा येतो. पण परळ-लालबागच्या माणसाचा विश्वास मेसेजवर नाही, चपलेवर आहे. दार उघडायच्या आधीच भिंतीलगत चपला, रिकाम्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या यांची रांग लागलेली असायची आणि त्यांचे मालक जिन्याखाली चहा पीत बसलेले असायचे. एकदा त्या रांगेत चक्क एक कुबडी उभी होती. कुबडी इथे ठेवून हा गृहस्थ चहापर्यंत गेला कसा, असा संशय बोर्डावरच्या डॉक्टरांना आला. त्याच्या भावाने त्याला उचलून नेलंय, हे मी सांगितलं. त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला.

मी परळमधल्या एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते आणि तिथूनच निवृत्त झाले. शेवटचा बराच काळ दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डाशेजारच्या टेबलावर गेला. या अंकाच्या संपादकांनी फोनवर ‘समाजसेवेतले हृद्य अनुभव’ मागितले, तेव्हाच त्यांना म्हटलं, हृद्य वगैरे माझ्याकडे फारसं नाही. मी पगार घेऊन काम करत होते आणि त्यातलं बरंचसं काम ‘झेरॉक्स स्वच्छ आणा’ हे सांगण्याचं होतं. तरी दादरच्या बाजारात अजून कोणीतरी कोथिंबिरीची जुडी हातात धरून विचारतं, “मॅडम, आमच्या कार्डाचं काय झालं?” मी निवृत्त झालेय, हे त्यांना कळतं, ते मान्य करायची मात्र त्यांची तयारी नसते.

काम काय होतं, ते आधी सांगते. गंभीर आजारी माणसाला सरकारकडून काही गोष्टी मिळू शकतात. महिन्याचं अनुदान, प्रवासात सवलत, एखादं उपकरण. ट्रस्टवालेसुद्धा मदत करायच्या आधी सरकारी कागद बघतात. या सगळ्या दारांची किल्ली एकच, ती म्हणजे प्रमाणपत्र, लोकांच्या भाषेत कार्ड. ते डॉक्टरांचं मंडळ देतं, त्याला सगळे बोर्ड म्हणतात. बोर्ड माणसाला तपासतं, प्रश्न विचारतं आणि टक्के लिहितं. चाळीस किंवा त्याहून वर असाल तर तुम्हाला सवलती. एकोणचाळीस असाल तर तुमचं दुखणं तुमच्यापाशी.

पाय कापलेल्या माणसाचं यात फारसं अडत नाही. कापलेला पाय पुढच्या महिन्यातही कापलेलाच असतो. पण काही आजार थांबून राहत नाहीत. आज हात, उद्या पाय, परवा गिळणं. आजार टॅक्सीने निघालेला असतो आणि कागद हातगाडीवरून येत असतो. टॅक्सी कशी थांबवायची ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. माझ्या वाट्याला हातगाडी ढकलणं आलं होतं.

ढकलणं म्हणजे काय, तर कोणाचा फोटो अपलोड होत नाही, कोणाचं आधारवरचं नाव रेशनकार्डाशी जुळत नाही, कोणाचं बोट इतकं वाकलेलं की ठसाच उमटत नाही, आणि कोणाला तारीख इतकी लांबची मिळालेली की तोवर त्याला चाळीचा जिना उतरता येणार नाही. अशांची फाइल वर घ्यायची. त्यासाठी कोणाशी गोड बोलायचं, कोणाशी भांडायचं आणि कोणाच्या टेबलासमोर काही न बोलता नुसतं उभं राहायचं, हे अनुभवाने कळत जातं. शेवटच्या प्रकारात मी तरबेज होते.

पण खरी अडचण वेबसाइटची नव्हती आणि साहेबांचीही नव्हती. अडचण आमच्याच माणसांची होती. गिरणगावातला माणूस मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं म्हटलं की आधी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. बायका ठेवणीतली साडी नेसतात, तोंडाला पावडर लावतात. आत गेल्यावर डॉक्टरांनी “कसं काय?” विचारलं की “बरं आहे, तुमच्या कृपेने” हे उत्तर ठरलेलं. लालबागचा एक अर्धांगवायूचा पेशंट होता. चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलेला. बोर्डापुढे बसून नमस्कार करायचा हे त्याला बरं वाटेना. त्याने असा काही जोर लावला की गडी खरोखर उभा राहिला. त्याआधी कित्येक महिने तो उभा राहिला नव्हता, त्यानंतर कधीच राहिला नाही. जे काय उभं राहायचं ते नेमकं बोर्डापुढे.

याच्या उलट एजंटांची माणसं. कॉटन ग्रीनकडचा एक हमाल होता, त्याचा खुबा खरोखरच गेलेला. गेटवरच्या एका एजंटाने त्याला गाठलं आणि ‘असं चालून दाखव’ म्हणून शिकवलं. आत आल्यावर तो इतका घाबरला की चांगल्या पायाने लंगडायला लागला. खऱ्या लंगड्याला लंगडायला शिकवून दलाली घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या हमालाला शेवटी प्रमाणपत्र मिळालं, पण दोन खेपा जास्त घालाव्या लागल्या, त्याही त्या गेलेल्या खुब्यावर.

त्याला पकडलं डॉ. कामथे यांनी. कामथे बोर्डाचे प्रमुख. उंच, सडपातळ, बोलणं तुटक. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी खोट्या प्रमाणपत्रांची चौकशी झाली होती आणि स्वतःचा काही संबंध नसताना त्यांना उत्तरं देत फिरावं लागलं होतं. तेव्हापासून डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढंच ते लिहीत. माणूस सज्जन. माझी सगळ्यात जास्त भांडणं त्यांच्याशीच झाली.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका गोड पदार्थावरून.

भोईवाड्यात एका चाळीत परबकाकी राहायच्या. नाव सुनंदा परब, पण काकी ही त्यांची पदवी होती. मूळ मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला, आणि काकींनी खाणावळ चालवून मुलगी वाढवली. आताच्या मुलांना सांगावं लागतं, की गिरण्यांच्या काळात गावाहून एकटी आलेली माणसं अशा एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवायची. गिरण्या गेल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण काही म्हातारे अजून त्याच पाटावर, त्याच भिंतीला टेकून जेवत होते. काकींच्या हातचं मालवणी जेवण हा त्यांच्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम होता.

काकींना मोटर न्यूरॉनचा आजार झाला. यात मेंदूचे स्नायूंना जाणारे निरोप एकेक करून बंद पडतात. बुद्धी शाबूत राहते, कान शाबूत राहतात, जिभेची चवही राहते. हालचाल तेवढी जाते. सुरुवात काकींच्या हातांपासून झाली. औषध असं नाहीच. पुढे श्वासाचे स्नायू दमले की झोपताना तोंडावर मास्क लावून हवा देणारं एक यंत्र लागतं. ते यंत्र घरी द्यायला एक ट्रस्ट तयार होता. त्यांची अट एकच, चाळीस टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र. शिवाय निराधार योजनेचं अनुदान मिळालं असतं, म्हणजे काकींची मुलगी रुपाली हिला आईजवळ बसण्यासाठी नोकरी सोडावी लागली नसती.

मी तारीख पुढे ओढून घेतली. काकींना समोर बसवून बजावलं, “नटायचं नाही. पावडर नाही, गजरा नाही. आणि जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं. लाजायचं नाही.” काकींनी मान डोलावली. त्या दिवशी आल्या त्या अगदी सांगितल्याप्रमाणे. जुनी साडी, केस विस्कटलेले, व्हीलचेअर ढकलणारी रुपाली घामाघूम. मी मनात म्हटलं, इतकी गुणी पेशंट मी पाहिली नाही. मांडीवर एक स्टीलचा डबा होता, त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

आत गेल्यावर काकींनी रुपालीला डोळ्याने खूण केली आणि डबा कामथ्यांच्या टेबलावर गेला. झाकण उघडताच खोलीभर वेलचीचा वास पसरला.

“काय आहे हे?” कामथ्यांनी विचारलं.

“तवशाचा धोंडास असा. खावन बघा.”

तवसं म्हणजे मोठी, पिकलेली काकडी. ती किसायची, त्यात भाजलेला रवा, गूळ, खोबरं घालून घोटायचं आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. शहरातला केक समजा, पण त्याहून जड आणि त्याहून चांगला. पेशंटचं काही खायचं नाही असा बोर्डाचा नियम होता की नाही मला आठवत नाही. असलाच तर त्या वासापुढे तो टिकला नाही. कामथ्यांचं आजोळ कोकणातलं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झालेला पाहिला. मीही एक घेतला.

“फार वर्षांनी खाल्लं,” ते म्हणाले. “कोणी केलं?”

“मी.”

कामथ्यांनी हात पुसले आणि पेन उचललं. “काकडी किसली कोणी?”

“मीच. माझ्या हातचाच असा सगळा.”

“आई, अगं काय बोलतेस...” रुपाली पुढे झाली.

“तू गप रव.”

पुढचे प्रश्न नेहमीचे होते. केस विंचरता? साडी नेसता? ताटातलं उचलून खाता? प्रत्येकाला काकींचं उत्तर एकच, “करतंय मी.” कामथ्यांनी हातपाय तपासले, जोर कमी आहे हे त्यांना दिसलं, तेही त्यांनी लिहिलं. पण बाई खाणावळ चालवते, काकडी किसून धोंडस करते, हेही लिहिलं. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, “मॅडम, पेशंट स्वतः बोलतायत ना?” तोंडात अजून वेलचीची चव होती.

बाहेर आल्यावर मी काकींवर चिडले. डबा कशाला आणलात, म्हणून विचारलं.

“डॉक्टरांकडे रिकाम्या हातान जावचा? बरा दिसता काय ता?” काकींनी मलाच विचारलं. माझ्या आईवडिलांनी मला काही वळण लावलंय की नाही, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

काही दिवसांनी निकाल आला. पस्तीस टक्के, तात्पुरते. एका वर्षाने पुन्हा तपासणी. ज्या आजारात माणसाला फार वर्षं मिळत नाहीत, त्यात एका वर्षाने या म्हणणं किती सोपं असतं, हे मी तेव्हा कामथ्यांना बोलून दाखवलंही. त्याच संध्याकाळी रुपालीचा फोन आला. रडत होती की हसत होती, ते कळेना.

“मॅडम, आई चाळीत पेढे वाटायला सांगतेय.”

“कशाबद्दल?”

मागून काकींचा जड झालेला आवाज आला, “पस्तीस गावले म्हणून सांग. पास झालंय मी.”

त्यात त्यांची काय चूक? पस्तीसला पास हे या राज्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. सरकारी कागदावर पस्तीस म्हणजे नापास, हे मला त्यांना घरी जाऊन समजवावं लागलं. चाळीचे तीन जिने चढून गेले तेव्हा काकी पलंगावर टेकून बसल्या होत्या आणि शेजारची मंदा जाधव त्यांच्या ओट्यापाशी वाटण वाटत होती. मंदा साताऱ्याकडची, माशाच्या कालवणातलं तिरफळ तिच्याकडे नसतंच. काकी पलंगावरून सांगत होत्या, “तिरफळा घाल. आता नको ढवळू. झाकण काढ,” आणि मंदा तसं करत होती. सगळं मला एका मिनिटात कळलं. हात मंदाचे होते.

“धोंडस तू केलंस?” मी मंदाला हळूच विचारलं.

मंदाने आधी काकींकडे बघितलं. “मला कुठलं येतंय? ह्या सांगत्यात तसं करती मी.” मग दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. “पर जेवायला येत्यात त्यांना म्हाईत नाय. घाटणीच्या हातचं मालवणी जेवण कोण जेवल, म्हणत्यात काकी.”

म्हणजे प्रश्न नुसत्या पाहुणचाराचा नव्हता. ‘मला जमत नाही’ हे वाक्य काकी एकदा मोठ्याने बोलल्या, की त्यांच्या मते खाणावळ संपली. रुपालीचा पगार होता, घर कसंबसं चाललं असतं. पण मग त्या पलंगावरची बाई कोण, हा प्रश्न उरला असता. मला त्यांचा राग यायचा थांबला. वाईट वाटलं, हेही कबूल करते. पण वाईट वाटून टक्के वाढत नाहीत.

मी कामथ्यांकडे गेले. अशा पेशंटची घरी जाऊन तपासणी करता येते, तशी तरतूद आहे, ती वापरा म्हटलं.

“बाई खोटं बोलल्या असं तुमचं म्हणणं?”

“हो.”

“मॅडम, ज्याला जमतं तो जमत नाही म्हणतो. ज्याला जमत नाही तो जमतं म्हणतो. मी काय मन वाचायचं यंत्र आहे? उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू?” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या धोंडसानंतर त्यांनी पेशंटकडचा चहासुद्धा घ्यायचं बंद केलं होतं. बोर्डात कोणी पेढा पुढे केला तरी हात मागे जात असे. तुकडा खाल्ला आणि कमी टक्के दिले, हे त्यांनाही कुठेतरी टोचत असावं.

मी अर्ज केला आणि मग वेगवेगळ्या टेबलांसमोर नुसती उभी राहिले.

तेवढ्यात एका पहाटे काकींचा श्वास अडकला. रुपाली आणि मंदाने त्यांना आमच्याकडेच आणलं. वॉर्डात मास्कचं यंत्र लावल्यावर त्यांना कित्येक दिवसांनी झोप लागली. घरी सोडताना सिस्टरांनी वॉर्डचं यंत्र काही दिवसांपुरतं दिलं, माझ्या शब्दावर. दुसरा पेशंट आला की परत करायचं. ट्रस्टचं उत्तर बदललेलं नव्हतं: कागद दाखवा, यंत्र न्या. आता सगळं स्वच्छ दिसत होतं. काकी खरं बोलल्या तर झोपू शकणार होत्या. नाहीतर वॉर्डचं यंत्र परत जाईल त्या दिवशी त्यांना रात्र बसून काढावी लागणार होती, जमेल तितके दिवस.

घरच्या तपासणीची परवानगी आली. जायच्या आधी मी काकींना फोन केला आणि मऊ न बोलता सांगितलं, “काकी, आज पुन्हा ‘करतंय मी’ म्हणालात तर मशीन जाईल.”

कामथ्यांना सकाळची ओपीडी होती, म्हणून आम्ही पोचलो ते ऐन जेवणाच्या वेळेला. खोलीत भिंतीशी राणेमामा जेवत होते. हे काकींचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, गिरणीतले, आता पाठीतून वाकलेले. डॉक्टर आलेत म्हणून ते उठायला लागले, पण काकींनी मानेने खाली बसवलं. भरल्या पानावरून माणूस उठवायचा नाही. मी कपाळाला हात लावला. ज्यांच्यापासून लपवायचं, तेच समोर बसलेले.

कामथ्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. “स्वयंपाक कोण करतं?”

काकींनी राणेमामांकडे पाहिलं. मग आढ्याकडे. “मी.”

रुपालीने तोंड फिरवलं. मंदा ओट्याशी पाठ करून उभी होती, तिचा हात थांबला. कामथ्यांचं पेन कागदावर टेकलं. पण या वेळी त्यांनी लिहिलं नाही. ओट्यावर सोलकढीचं पातेलं होतं. त्यांनी मंदाला ते आणायला सांगितलं, सोबत डाव आणि पेला. काकींच्या मांडीवर पाट ठेवून सगळं त्यावर मांडलं.

“मला द्या थोडी,” कामथे म्हणाले. “तुमच्या हाताने.”

ही तपासणी होती आणि आमंत्रणही होतं. घरी आलेल्या माणसाने मागितलं आणि दिलं नाही, असं त्या घरात कधी झालं नसावं. काकींचा उजवा हात चादरीवरून सरकत पाटापर्यंत आला. अंगठ्याच्या खालचा उंचवटा पार बसलेला होता. डावाच्या दांड्याला बोटं लागली, पण मिटली नाहीत. त्यांनी खांद्यातून जोर लावला, डाव पातेल्यात कलंडला आणि गुलाबी शिंतोडे चादरीवर उडाले. कोणी पुढे झालं नाही. कामथ्यांनी डोळ्यांनीच सगळ्यांना थांबवलं होतं. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला होता.

काकी डावाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्या माझ्या हातचा न्हय, डॉक्टर. बरेच दिस झाले. सगळा मंदा करता.”

कोपऱ्यातून राणेमामांचा भुरका ऐकू आला.

“आमका म्हायत असा गे,” ते म्हणाले.

काकींनी मान वळवता येईल तेवढी वळवली. “काय म्हायत असा?”

“हात बदललो ता. पयल्याच दिसाक समाजला. तुझा बांगड्याचा तिखला कधी डोळ्यांतसून पाणी काढी नव्हता.”

“मगे बोललास कित्या नाय?”

“बोलान काय करूचा? तू जेवण बंद केला असता. आणि आमी जेवचा खय?” एवढं बोलून राणेमामांनी भाताचा पुढचा घास घेतला.

काकींच्या चेहऱ्याचे स्नायू तेव्हाच थोडे ढिले पडायला लागले होते, त्यामुळे त्यांना हसू आलं की रडू, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कामथ्यांकडे वळून म्हणाल्या, “मीठ मातर माझा. मंदाक मिठाचो अंदाज नाय.”

“आता हे बी सांगायचं व्हतं का, काकी?” मंदा पदराने डोळे पुसत फणकारली.

कामथ्यांनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. जीभ बाहेर काढायला सांगून तपासली, मान तपासली, श्वास मोजला, एकेक बोट हातात घेऊन पाहिलं. पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. निघताना पेला स्वतःच भरून घेतला आणि उभ्याने सोलकढी प्यायले. धोंडसानंतर पेशंटच्या घरचं त्यांनी काही घेतलेलं मी पाहिलं, ते एवढंच. जिना उतरताना मला म्हणाले, “पहिल्याच दिवशी टेबलावर डाव ठेवायला हवा होता.” माझ्याही टेबलावर कुठे होता?

प्रमाणपत्र लवकर आलं. ऐंशीच्या वर टक्के, कायमस्वरूपी. काकींनी आकडा ऐकून “डिस्टिंक्शन” असा शेरा मारल्याचं रुपालीने कळवलं. ट्रस्टने यंत्र दिलं, वॉर्डचं यंत्र परत गेलं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी लागलं. रुपालीची नोकरी टिकली. माझ्या टेबलावरून गेलेल्या सगळ्या फायलींचं असं झालं नाही, हे इथेच सांगून टाकते. माणूस गेल्यावर आलेली कित्येक कार्डं मी पाकीट न फोडता घरच्यांच्या हातात दिली आहेत आणि ती घेणाऱ्यांनी मला चहा विचारला आहे. त्या चहांची यादी मी या लेखात देणार नाही.

काकींकडे मी शेवटची गेले ती अनुदान मंजूर झाल्याचं पत्र घेऊन. हे पत्र पोस्टाने जाऊ शकलं असतं. पण जेवणाची वेळ होती आणि मी खोटं कशाला बोलू. तोवर मास्क दिवसाही लागत होता आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. राणेमामा आणि आणखी दोन म्हातारे पानावर बसले होते. खाणावळ चालू होती, आता उघडपणे मंदाच्या हातची. तिखट मात्र कमी झालं होतं.

मंदा सोलकढीचं पातेलं घेऊन पलंगापाशी आली. चिमटीत मीठ धरून तिने पातेल्यावर हात नेला आणि काकींकडे पाहिलं. काकींचे डोळे उघडे. मंदाने चिमूट सोडली, ढवळलं, चमच्याच्या टोकावर थेंबभर घेऊन मास्क बाजूला करून काकींच्या ओठांना लावलं. डोळे उघडेच. आणखी अर्धी चिमूट. पुन्हा थेंब. मग काकींनी डोळे मिटले. “बास,” मंदा आम्हा सगळ्यांना म्हणाली.

मी पत्र काढून वाचायला लागले. मंजुरी, क्रमांक, दिनांक. काकी ऐकत नव्हत्या. त्यांचं लक्ष माझ्या पुढ्यातल्या पेल्यावर होतं. मी पत्र घडी घालून रुपालीला दिलं, पेला उचलला आणि संपवला.

“मीठ बरोबर आहे, काकी,” मी म्हटलं.

काकींनी डोळे मिटले, आणि मंदा राणेमामांना वाढायला वळली.